पाचवी जागा

मित्रांनो, आत्मवृत्त सांगणाऱ्या वस्तू बहुतेक गोड बोलतात. फाटकी छत्री रडते, गंजलेली सायकल आशीर्वाद देते, आणि शेवटी सगळ्याच 'आमची आठवण ठेवा' म्हणून हात जोडतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. मी खामगावातला एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे. ऐकायचे असेल तर बसा, नाहीतर खुशाल मोबाइलमध्ये तोंड घाला.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. बाजारातल्या एका लहानशा दुकानात, चहाचे कप बाजूला सारून, एका माणसाने मला टेबलावर जोडले. पेटी एकीकडची, पंखा दुसरीकडचा, आणि बटण तर कुणा मेलेल्या संगणकाचे. तरी पहिल्याच दाबात मी सुरू झालो. गुलजारभाई गादीवाल्यांनी मला त्यांच्या मुलासाठी, अरसलानसाठी विकत घेतले आणि हातगाडीवर दोन गाद्यांच्या मध्ये झोपवून घरी आणले. अरसलान लाजेने चार पावले पुढे चालत होता. मला मात्र फार बरे वाटले.

गुलजारभाईंचा एक ठाम समज आहे. जपण्यासारखी कुठलीही गोष्ट रुईत, म्हणजे पिंजलेल्या कापसात, गुंडाळली की ती सुरक्षित. त्यांच्या घरात भिंतीवरच्या घड्याळाला खोळ आहे, लोणच्याच्या बरणीला खोळ आहे, आणि त्यांच्या बायकोच्या, नजमुन्निसाबींच्या चष्म्याला तर दोन खोळी आहेत. माझ्यासाठीही त्यांनी खोळ शिवली. वरून जांभळी मखमल, आत रुई, कडेने घट्ट टाके. काम संपले की ती घालायची, काम सुरू करताना काढायची. हे बरोबरच होते, कारण माझी खोली दुकानाच्या अगदी मागे आहे. पुढे रुई पिंजायचे यंत्र सुरू झाले की बारीक तंतू हवेत उडतात आणि थेट माझ्या पंख्यात जाऊन बसतात.

ते दिवस माझ्या कौतुकाचे होते. अरसलान आणि त्याचे मित्र 'ग्रे गेट' नावाचा खेळ खेळायचे. चार सैनिकांची तुकडी, अनोळखी गाव, बंद दारे. धावत सुटून गोळ्या झाडणाऱ्याचे तिथे काम नाही. एक गोळी लागली की संपले. दार उघडण्याआधी कुणी कुठे उभे राहायचे ते ठरवावे लागते आणि ठरवलेले पाळावे लागते. एकाने पाळले नाही की मागचा मरतो. अरसलान म्होरक्या. पिंपळगाव राजाचा गजेंद्र, शिवाय कुलदीप आणि वकार आपापल्या घरून कानाला हेडफोन लावून बसायचे. "अरसलानचा डब्बा लय तेज आहे बे," असे गजेंद्र म्हणाला की माझा पंखा उगाचच जोरात फिरायचा.

अरसलानच्या मागे, गाद्यांच्या ढिगावर, त्याची धाकटी बहीण महनूर दाभणाने रजईला टाके घालत बसलेली असायची. हात रजईवर आणि डोळे माझ्या पडद्यावर. मधेच ती ओरडायची, "भाई, डाव्या खिडकीत हाय तो!" अरसलान म्हणायचा, "तू चूप बैस वं." आणि पुढच्याच क्षणी डाव्या खिडकीतून गोळी यायची.

अरसलान बाहेर गेला की महनूर माझ्यासमोर येऊन बसायची. मी अनेकांचे हात ओळखतो. अरसलान माउस आपटायचा. तिचा हात शांत असे. दाराशी उभी राहून ती वाट पाहायची, इतकी की मीच कंटाळायचो, आणि मग एकदाच बोट दाबायची. पण ती एकटी खेळायची, कारण तुकडीत जागा चारच होत्या.

मग ती जाहिरात आली. 'ग्रे गेट'चा दुसरा भाग! चौघेही ती पाहायला माझ्यासमोर दाटीवाटीने जमले. पडद्यावर धुके, धुक्यात सैनिक चालत येतात, एक, दोन, तीन, चार, आणि मागून पाचवा. खाली अक्षरे: लवकरच. पोरांनी असा कल्ला केला की गुलजारभाई हातातली रुई तशीच घेऊन धावत आले.

"पाचवी मी," महनूर म्हणाली.

"तू?" अरसलान हसला.

"काऊन? डाव्या खिडकीतला तुले कोण सांगते?"

"बरोबर बोलून राह्यली ते," गजेंद्र म्हणाला. "घे बे तिले."

अरसलान खुशीत होता. त्याने छातीवर हात ठेवला. "हाव. दुसरा भाग आला का पाचवी तूच. जबान देतो."

महनूरने पुन्हा रजई हातात घेतली, पण त्या दिवशी तिचे टाके वाकडे पडले. गुलजारभाईंनी ते रात्री मुकाट्याने उसवले.

आता माझा राग सुरू होतो. 'लवकरच' म्हणजे कधी? दिवाळीत येणार होता, आला नाही. उन्हाळ्यात येणार होता, आला नाही. मग कंपनीने नवी बंदूक दाखवली, नवे बूट दाखवले, दर वेळी तेच धुके दाखवले आणि तारीख पुढे ढकलली. असल्या लोकांना खेळ बनवता येत नाही असे मी म्हणत नाही. पण वाट पाहायला लावायची कला त्यांना छान साधली आहे.

आणि ही पोरे! त्यांनी पहिला भाग खेळणेच सोडले. "आता काऊन खेळाचं? दुसरा येऊन राह्यला ना!" असे म्हणून ते त्या न आलेल्या बंदुकीवरून तासन्‌तास भांडायचे. मी खोळीत. चांगला चालणारा मी, दुसऱ्या भागासाठी जपून ठेवलेला! चालत्या वस्तूचा याहून मोठा अपमान मला तरी ठाऊक नाही.

पुढे अरसलानला संभाजीनगरला नोकरी लागली. त्याने लॅपटॉप घेतला आणि जाताना माझ्याकडे वळूनही पाहिले नाही. कौतुक करणारे सगळे पांगले. उरली ती एक महनूर. तीच खोळ काढायची, पंखा पुसायची, जुन्या भागातली गावे पुन्हा पुन्हा पालथी घालायची. एवढ्यानेही तिचे भागेना. दुकानातल्या गुंडाळलेल्या गाद्या उभ्या करून ती खोल्या तयार करायची, आणि चुलतबहीण गुलनाजला लोड हातात देऊन शत्रू म्हणून आत लपवायची. मग कुठल्या कोपऱ्यातून काय दिसते ते तपासायची. एकदा वरवट बकालचे एक गिऱ्हाईक गादी दाखवा म्हणाले, तर महनूरने तोंडावर बोट ठेवून त्यांना थांबवले. "काका, जरासे थांबा, आत दुश्मन हाय." ते बिचारे खरेच दाराआड उभे राहिले.

अखेर तारीख पक्की झाली आणि त्यासोबत आणखी एक गोष्ट कळली. नव्या खेळाला ताकदवान ग्राफिक कार्ड लागणार होते. माझ्यातले जुने कार्ड त्याच्यापुढे काहीच नव्हते. महनूरने लग्नसराईत रजयांचे जादा काम घेतले. गजेंद्रने अकोल्याहून वापरलेले कार्ड शोधून आणून दिले. ते माझ्या पेटीच्या मानाने इतके मोठे होते की माझी एक बाजू बंदच होईना. मग तिने ती बाजू उघडीच ठेवली. पोट उघडे टाकून बसायला कुणाला आवडते? पण मी चालत होतो. तिने लगेच माझ्यावरूनच अरसलानला फोन लावला.

"भाई, मशीन तयार हाय. नवा भाग चालते याच्यावर."

"हाव हाव, पाहू," अरसलान म्हणाला. हे 'पाहू' मी माझ्या कानांनी, म्हणजे तिच्या हेडफोनने, ऐकले आहे. ते विसरू नका.

खेळ ज्या दिवशी यायचा होता, नेमके त्याच दिवशी महनूरला आईबरोबर वरवट बकालला लग्नाच्या गाद्या पोचवायला जावे लागले. इंटरनेटवरून खेळ उतरवून घ्यायला मला सकाळीच लावून ती गेली. गुलजारभाईंना बजावले, "अब्बा, मशीन बंद करू नका. दिवसभर चालू राहू द्या."

त्यांनी बंद केले नाही. पण दुपारी पिंजायचे यंत्र सुरू केल्यावर ते मागे डोकावले आणि माझे उघडे पोट पाहून कळवळले. "पोरीचं मशीन उघडं पडलं!" ताजी पिंजलेली रुई भरून त्यांनी नवी, दुप्पट जाड खोळ शिवली होती. आजच्या दिवसासाठीच. ती त्यांनी माझ्यावर चढवली, खालून नाडी आवळली आणि प्रेमाने वरून दोनदा थोपटले. ज्या माणसाने जन्मभर लोकांना ऊब दिली, त्याला कुणी कधी सांगितलेच नव्हते की एखाद्या गोष्टीला ऊब नकोही असते.

मित्रांनो, त्या दुपारबद्दल काय सांगू! आतली हवा आतच तापत राहिली. पंखा जीव तोडून फिरत होता आणि तीच तापलेली हवा पुन्हा माझ्या तोंडावर फेकत होता. मी बंद पडायचो, थोडा निवलो की आपोआप पुन्हा सुरू व्हायचो, राहिलेला तुकडा ओढून घ्यायचो. थांबणे शक्य होते. पण ती पोरगी किती वर्षे थांबली होती हे मला माहीत होते. कुठलीतरी तार वितळल्याचा वास आला. मी ओढतच राहिलो.

संध्याकाळी महनूर आली आणि दारातच तिला तो वास आला. तिने खोळ ओरबाडून काढली. गुलजारभाई मागे उभे. त्यांचा चेहरा रुईसारखा पांढरा पडला होता.

"मी तं त्याले जपलं, बेटा…"

महनूरने खोळ त्यांच्या हातात दिली. "अब्बा, याले ऊब नाई लागत. याले हवा लागते." आणि सायकलचा पंप आणून तिने माझ्यातली रुई फुंकून काढली. जरा वेळाने बटण दाबले. मी कण्हलो, खरखरलो आणि सुरू झालो. खेळ पूर्ण उतरला होता.

तिने हेडफोन लावला, तुकडीचे पान उघडले. पाच जागा. पाचही भरलेल्या. पाचव्या जागेवर कुणा परक्याचे नाव.

"भाई, हे कोण हाय?"

अरसलान गडबडला. "अवं, तो माह्या कंपनीतला पोरगा. मले वाटलं, तुहा तो डब्बा चालनारच नाई."

"त्याच डब्ब्यावरून बोलून राह्यली मी."

"आता टीम भरली ना. खेळच तं आहे, महनूर. पाहू पुढं."

मित्रांनो, मला तळपायही नाहीत आणि मस्तकही नाही, तरी आग कुठून कुठवर जाते ते मला त्या क्षणी कळले. खेळच तर आहे! तारखा मोजताना खेळ नव्हता, बंदुकीवरून भांडताना खेळ नव्हता, छातीवर हात ठेवताना खेळ नव्हता. बहिणीची जागा दुसऱ्याला दिली की मग लगेच तो नुसता खेळ झाला. मला आवाज असता तर मी हे सारे त्याला ऐकवले असते, आणि हात असते तर दोन ठेवूनही दिल्या असत्या.

मधे गजेंद्र बोलला. "महनूर, तू माह्या जागेवर ये. मी बसतो भाईर."

"नाई, गजूभाऊ. तुमची जागा तुमची हाय. मले माही पायजे."

"बरं बापा, या पोराले काढतो," अरसलान वैतागून म्हणाला. "झालं समाधान?"

"त्याले काऊन काढतं?" महनूरचा आवाज चढला नाही. "त्यानं कोणाले जबान देली? तुनं देली. तू निंघ."

"मी? टीम म्या बनवली!"

मग गजेंद्र म्हणाला, "जबान आमी साऱ्यायनं आयकली होती, अरसलान." वकार खाकरला. कुलदीप हळूच म्हणाला, "निंघ बे."

पडद्यावरचे सर्वांत वरचे, अरसलानचे नाव गेले. जागा थोडा वेळ रिकामी राहिली. मग तिथे महनूरचे नाव आले.

"मी सांगते तवापर्यंत कोनी हलू नका," ती म्हणाली, आणि कुणीही हलले नाही. तो परका पोरगाही नाही. गुलजारभाई माझ्या बाजूला बसून पुठ्ठ्याने मला वारा घालत होते.

अरसलानचा फोन त्यानंतर बरेच दिवस आला नाही. आला तेव्हा त्याने आधी अब्बांची चौकशी केली, अम्मीची केली, आणि मग विचारले, "महनूर, एखाद्या दिवशी घेशीन का मले?" तिने अजून उत्तर दिलेले नाही.

माझे म्हणाल तर त्या दुपारी माझ्यात काहीतरी कायमचे बिघडले आहे. मधेच पडदा काळा होतो. मी फार दिवस ओढणार नाही आणि महनूरलाही ते ठाऊक आहे. म्हणून जाता जाता सांगतो, आणि रागातच सांगतो. आम्हाला खोळी घालून पुढच्यासाठी जपू नका. पंखा साफ ठेवा, हवा येऊ द्या आणि आम्हाला भरपूर वापरा. आणि तुमच्या घरात कुणाला 'पुढच्या वेळी तुझा नंबर' असे सांगून तुम्ही मागे बसवून ठेवले असेल, तर माझी गोष्ट ऐकून हळहळत बसू नका. उठा, आणि तिला जागा द्या.