माझ्या हँडलला हात लावायचं वय

“मॅडम, अठराव्या वाढदिवसाला अक्कल पोस्टाने येते का कुरिअरने?”

मित्रांनो, हा प्रश्न आमच्या ज्ञानदाने विचारला. खरं तर तो तिचाही नव्हता. “विचारलंस तर भेळ आमच्याकडून, नाहीतर वर्षभर तुला भित्री म्हणणार,” अशी पैज वैजयंती आणि चंद्रिका या तिच्या मैत्रिणींनी लावली होती. शाळेच्या मैदानावर वाहतूक पोलीस दाक्षायणी मॅडम रस्ता सुरक्षेवर बोलायला आल्या होत्या. ज्ञानदा ताडकन उठली आणि विचारून मोकळी झाली. मुली खिदळल्या. सर लालबुंद झाले. लिंबाच्या झाडाखाली मी स्टँडवर उभी होते, तिथेच मला हसू फुटलं.

मी एक जुनी मोपेड आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा मी लाल होते. आता माझा रंग सांगणं अवघड आहे. ज्ञानदाचे पप्पा, एकनाथराव, याच शाळेत क्लार्क आहेत. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या घरातून ते मला रोज इथे आणतात.

माझी उमेदीची वर्षं मात्र करकंबला, त्यांच्या गावी गेली. एकनाथरावांचे थोरले भाऊ जोतीराम यांनी मला हौसेने विकत घेतलं. मग काय विचारता! दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, पाहुणे, एकदा तर बोकडसुद्धा माझ्यावरून गेला. “लई गुणाची गाडी हाय,” असं गाव म्हणायचं. ज्ञानदा तीन वर्षांची असताना माझ्या पुढच्या जागेत उभी राहून हँडलला लटकायची. मागे तिचे आईपप्पा, मध्ये पिशव्या. डोक्याला हेल्मेट नाही. तेव्हा तिचं वय कुणी विचारलं नाही हो!

ती अकरा वर्षांची झाली आणि काकांनी कॅन अडकवून मला तिच्या हातात दिलं.

“काका, मी लहान हाय की!”

“ने गं डेअरीवर! हितं कोण वय इचारतंय? पोरगी झ्याक चालवती.”

तिचे पाय जमिनीला धड टेकत नव्हते. मी जीव मुठीत धरून चालत होते. ते चूकच होतं, मित्रांनो, पण घरातल्या कुणालाही ते चूक वाटलं नाही, कारण दूध वेळेवर पोहोचत होतं.

मग एकनाथरावांना सोलापुरात नोकरी लागली आणि मीही त्यांच्याबरोबर शहरात आले. इथे ज्ञानदा सोळा वर्षांची झाली. एका संध्याकाळी तिने माझी किल्ली मागितली. तिचा खो-खोचा सराव शहराच्या दुसऱ्या टोकाला असतो.

“अठरा झाल्याशिवाय नाही,” एकनाथराव म्हणाले. “कायदा आहे.”

“मग मी जाऊ कशी?”

“अनीश सोडेल की.”

अनीश म्हणजे जोतीराम काकांचा मुलगा. शिकायला इथेच राहतो. वय पंधरा! त्याच्याकडे गिअरची मोटारसायकल आहे, लायसन्स नाही. पण तो मुलगा, म्हणून कायदा घराच्या उंबऱ्यावरूनच परत जातो. गेल्या आठवड्यात त्याने वळणावर गाडी घसरवली आणि ज्ञानदाचा गुडघा फुटला. घरी आल्यावर तिची आई, इंद्रायणीबाई, कुणाला रागावल्या असतील?

“तुला नीट धरून बसता येत नाही का गं?”

अहो, काय म्हणावं याला! दूध न्यायला ती अकराव्या वर्षी मोठी होती. तीच आता स्वतःसाठी किल्ली मागते, तर लहान झाली. वय आहे का रबर, हवं तेव्हा ताणायला?

मलाही वयाची अट आहे, मित्रांनो. पंधरा वर्षं झाली तेव्हा मला आरटीओत नेलं. साहेबांनी ब्रेक दाबून पाहिले, दिवा लावून पाहिला, हॉर्न वाजवला आणि मला आणखी पाच वर्षं दिली. पुढेही तसंच झालं. मी नुसती जुनी आहे म्हणून कुणी मला घरी बसवलं नाही. आधी तपासलं, मग ठरवलं. माणसांच्या मुलांना असं कुणी तपासून का पाहत नाही? अट जरूर असावी. अनीशला रस्त्यावर पाहिलं की माझी तर खात्रीच पटते. पण ती सगळ्यांना सारखी लावा, आणि आकड्याबरोबर ब्रेक कसा दाबतात तेही बघा!

तर मैदानावर दाक्षायणी मॅडम चिडल्या नाहीत. म्हणाल्या, “अक्कल कुरिअरने येत नाही गं. आली असती तर मला इतक्या पावत्या फाडाव्या लागल्या नसत्या. पण पुढचंही ऐक. पन्नास सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीला सोळा वर्षं चालतात. आईवडिलांची संमती हवी आणि परीक्षा पास व्हायला हवी. फक्त अशी गाडी आता मिळते कुठं?”

सगळं मैदान वळून माझ्याकडे बघायला लागलं. पन्नास सीसीची, बिनगिअरची, ती मीच की! ऑफिसच्या दारात एकनाथरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. माझे नवे कागद करायचा कंटाळा आला म्हणून त्यांनी येत्या रविवारी भंगारवाल्याला बोलावलं होतं. इतकी वर्षं ते माझ्यावर बसले, पण कायदा माझ्याबद्दल काय म्हणतो ते त्यांनी कधी विचारलं नाही.

मित्रांनो, जुन्या गाडीला आणि वाढत्या मुलीला एकच हवं असतं. ठरवण्याआधी नीट तपासून पाहा. एवढंच माझं मागणं.

संध्याकाळी मी दारात उभी होते. ज्ञानदा भेळ खाऊन आली. चप्पल न काढताच तिने आईपप्पांना हाक मारली. अनीश हळूच आत सटकायला लागला, त्यालाही थांबवलं.

“पप्पा, आई, मी ठरवलंय. आजपासून मी अनीशच्या मागे बसणार नाही. लायसन्स मिळेपर्यंत सरावाला सायकलवर जाणार, आणि परीक्षा आपल्या मोपेडवरच देणार. नापास झाले तर पुन्हा देईन. तुम्ही सही करायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. पण माझं वय मोजणार असाल तर अनीशचंही मोजा, आणि त्याची किल्ली आत्ता खिळ्याला अडकवा. आणि हो, भंगारवाल्याला फोन करा. रविवारी येऊ नको म्हणावं.”