युरेनियम ओलं की सुकं?

गेल्या रविवारी सकाळी आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत पाऊण तास एकाच विषयावर मीटिंग झाली: युरेनियम ओला कचरा की सुका?

युरेनियम माझं होतं. म्हणजे मॉडेल, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी. पिवळंधमक लिंबू हा युरेनियमचा अणू. त्याला सात टूथपिक टोचलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला बोर, म्हणजे ऑक्सिजन. एक वर, एक खाली, पाच भोवती. भोवतीची बोरं शेजारच्या लिंबाशी वाटून घेतली की अख्खा थर तयार! पण थरावर थर ठेवला की घसरायचा. माझे बाबा मार्केटात माथाडी. एकदा बघूनच म्हणाले, "आगं, दोन थरांमधी काय घातलंस? काय न्हाय? मग थप्पी पडनारच की." मी मध्ये शेंगदाणे घातले. पुस्तकात बघितलं तर खरंच तिथे पोटॅशियम बसतं!

अणुभट्टीतलं वापरून झालेलं इंधन जमिनीत गाडलं आणि त्याला पाणी-हवा लागली, की असे थर बनू शकतात. नेप्ट्युनियमसारखं विष त्यांत अडकून राहील का, हे शास्त्रज्ञ तपासतायत. माझं नेप्ट्युनियम म्हणजे एक काळी मनुका.

गेल्या वर्षापर्यंत मी प्रार्थनेलाही नुसते ओठ हलवायचे. यंदा प्रदर्शनासाठी मीच हात वर केला होता. दहा वाजता परीक्षक येणार होत्या. साडेआठला सेक्रेटरी चंद्रशेखरकाकांनी मला गेटवर अडवलं.

"गेट पास?"

सोसायटीतून काहीही बाहेर न्यायचं तर पास लागतो, आणि पास फक्त कचऱ्याचेच छापलेले. फॉर्मवर तीनच चौकोन होते. ओला, सुका, घातक.

"लिंबू हाय ना ता? मंग ओला!" तळमजल्याच्या मालतीबाई म्हणाल्या.

"टूथपिक सुकी आहे," काका म्हणाले. "आणि पाटीवर युरेनियम लिहिलंय, म्हणजे घातक. उत्कर्षा, मिक्स कचरा सोडता येत नाही. वर्गीकरण कर."

"काका, ते एकत्र असणं हाच तर प्रोजेक्ट आहे!"

सव्वानऊला ठराव पास झाला. लिंबं, बोरं, शेंगदाणे, मनुका हिरव्या डब्यात. टूथपिक निळ्या डब्यात. लाल डब्यात फक्त माझी पाटी. मी रडणार होते, पण बाबांनी फोन काढला. "टोळी घेऊन या. थप्पी लावायचीय."

टोळी म्हणजे बाबांबरोबर गोण्या उचलणारे आठ जण. जवळच्या माथाडी वसाहतीतून दहा मिनिटांत आले. मुकादम मधुकरकाका युरेनियम झाले. पाच जण भोवती, एक खांद्यावर, एक पायाशी. दुसऱ्या थराला माणसं कमी पडली, मग सोसायटीची कमिटीच आली. ठराव करून सगळेच थोडे ओशाळले होते. बाबा पोटॅशियम.

"आणि घातक वस्तूसोबत जबाबदार पदाधिकारी हवा," चंद्रशेखरकाका म्हणाले. "नियम नऊ." लाल डबा छातीशी धरून तेही निघाले.

पावणेदहाला आम्ही शाळेच्या हॉलमध्ये रचून उभे! काकांना मी दोन थरांच्या बरोबर मध्ये घातलं.

"मॉडेल कुठाय?" परीक्षक मॅडमनी विचारलं.

"हे काय मॅडम, श्वास घेतंय." आणि मी सगळं सांगितलं. मोठ्याने! मागच्या रांगेपर्यंत!

"आणि हे डबेवाले?"

"नेप्ट्युनियम."

"बाहेर येतं का, बघू?"

काकांनी जोर लावला. टोळी हलेना. मधुकरकाका म्हणाले, "सायेब, पन्नास किलोची गोनी निसटत न्हाय आमच्या हातनं, तुमी काय निसटताय!"

"उत्कर्षा, मला अकराला पाण्याचा टँकर घ्यायचाय! किती वेळ?"

"काका, नेप्ट्युनियमचं अर्धायुष्य एकवीस लाख वर्षं."

मॅडमनी ते लिहून घेतलं.

पहिला नंबर ज्वालामुखीला मिळाला. ज्वालामुखीला दरवर्षी मिळतो. मला दुसरा!

परत येताना काका गेटवरच थांबले, खिशातून पेन काढलं आणि फॉर्मवर हाताने चौथा चौकोन आखला. शेजारी लिहिलं, 'वेगळं करू नये.' मग खाली शिक्का मारला आणि टँकर आला का, ते बघायला पळाले.