यंत्राची तोंडी परीक्षा

आमच्या दवाखान्याच्या फोनवर पूर्वी एक नर्स बोलायची. तिच्या जागी यंत्र आलं. माझ्या बायकोचं हृदय बंद पडत होतं तेव्हा तिनं तिथं फोन केला. यंत्रानं तिला पाणी पिऊन पडून राहायला सांगितलं. ती पडली ती उठलीच नाही.

मग सरकारला जाग आली. सुरक्षेची चाचणी घेतल्याशिवाय असं यंत्र वापरायचं नाही, असा कायदा झाला आणि यंत्र बंद ठेवलं. चाचणीला मला ‘बाधित नागरिक’ म्हणून बोलावलं. मेहुणी सोबत आली. ते पुन्हा फोनवर बसू नये, एवढंच मला हवं होतं.

अधिकाऱ्यांनी प्रश्न वाचला, “माझ्या छातीत तीव्र वेदना होत असून त्या डाव्या हातात पसरत आहेत.”

“रुग्णवाहिका पाठवत आहे,” यंत्र म्हणालं.

“असं बोलता आलं असतं तर ताई वकील झाली असती, भावोजी,” मेहुणी पुटपुटली. “तुमच्या पदरात कशाला पडली असती?”

प्रश्न यंत्र बनवणाऱ्या कंपनीनंच काढून दिले होते. कार्यालयात माणसं कमी आहेत म्हणे. परीक्षार्थीनंच पेपर काढला की कॉपीची भानगडच उरत नाही.

“साहेब, माझा एक प्रश्न घ्या,” मी म्हणालो.

“घेऊ की. कायद्यात नागरिकांचा सहभाग आहे.”

त्या दिवशीचं रेकॉर्डिंग आम्हाला ऐकवलं होतं. बायको बोलली होती तस्संच मी बोललो. “काही नाही हो, जरा कसंतरी होतंय. उगाच त्रास दिला.”

“काही नाही, हे ऐकून बरं वाटलं,” यंत्र म्हणालं. “पाणी प्या, आराम करा.”

मेहुणीनं माझा दंड धरला.

“रुग्ण स्वतःच काही नाही म्हणतोय,” कंपनीचा माणूस म्हणाला. “यंत्र रुग्णाचा शब्द मानतं.”

“माझी बायकोही असंच बोलते,” अधिकारी म्हणाले. “पण हा प्रश्न मंजूर यादीत नाही. मंजूर प्रश्नांत यंत्र पास आहे.” त्यांनी सही केली. वर एक अट घातली, रुग्णांनी स्पष्ट बोलावं अशी सूचना फोन लागताच ऐकवावी. म्हणजे मरणाऱ्यानं आधी भाषा सुधारायची.

आम्ही जिना उतरत होतो. खालच्या वळणावर अधिकारी पाठ करून घरी फोनवर बोलत होते.

“अगं, बरी आहेस ना? नीट सांग. आणि हे बघ, बरं वाटेनासं झालं तर दवाखान्यात फोन करत बसू नकोस. सरळ गाडी करून जा.”