पुंजारामच्या कोब्याचं पाणी

शकुबाईने सकाळी कोंबड्या झाकायचं बांबूचं डालगं उचललं, तर खाली नऊच्या नऊ पिल्लं चिखलात मरून पडलेली. त्यांची आई भिजलेल्या पंखांनी राड्यात तशीच उभी होती.

सायखेड्याला घरामागच्या जाळीत शकुबाईच्या गावरान कोंबड्या बारा वर्षं सुखात नांदल्या होत्या. पाऊस कितीही पडो, दुपारच्या आत जागा चालण्याजोगी व्हायची. पण दोन हजार एकच्या उन्हाळ्यात शेजारच्या धाकट्या दिराने, पुंजारामने, ट्रॅक्टर उभा करायला परसात भर घालून सिमेंटचा कोबा केला. कोब्याचा उतार सरळ जाळीकडे. आषाढात तिकडचं पाणी इकडे लागलं ते हटेचना. शकुबाईने उसाचं पाचट टाकलं, ते चार दिवसांत कुजून घाण मारायला लागलं. चुलीची राख टाकली, तिची लापशी झाली. कोंबड्यांच्या बोटांना मातीचे गोळे धरले, अंडी धुऊन धुऊन तिचे हात पांढरे पडले. दोनदा तिने नवऱ्याला, सावळीरामला, सांगितलं, "भाऊजींशी बोला." दोन्ही वेळा तो म्हणाला, "बोलतो."

मेलेली पिल्लं घमेल्यात घालून ती थेट पुंजारामच्या ओट्यावर गेली. तो चहा पीत होता.

"बघा भाऊजी, तुमच्या कोब्यानं काय केलं."

त्याने घमेल्यात एकदा पाहिलं आणि बशी ओठाला लावली. "पावसाळा हाय वैनी. चिखल समद्यांकडंच हाय. कोंबड्या विकून टाका, कटकट मिटंल."

शकुबाईच्या डोक्यात सणक गेली. तिने घरी येऊन पिल्लं पुरली, पदर खोचला आणि कुदळ घेऊन कोब्याच्या कडेने चर खणायला बसली. काळी माती कुदळीला चिकटायची, दर दोन घावांनी खरवडावी लागायची. ती खरवडायची आणि पुन्हा घाव घालायची. जेवायलाही उठली नाही. उन्हं कलली तेव्हा चर गल्लीला जाऊन लागला. गल्ली खोलात होती, आणि चराचं तोंड उघडलं ते बरोबर पुंजारामच्या फाटकासमोर.

तासाभरात मोठी सर आली. कोब्यावरचं पाणी चरात उतरलं आणि फाटकासमोर तळं साचलं. पुंजाराम मोटारसायकल ढकलत आला, त्याची एक चप्पल गाळात राहिली.

"हे बुजवा, वैनी."

"पाणी तुमचं हाय. तुमच्याच दारातून जाऊ द्या."

"दादाला इचारा आधी. उतार तुमच्या जाळीकडं देऊ का म्हणून मी इचारलं व्हतं, तर दे म्हणला. कोबा ओतताना स्वतः फळी धरून उभा व्हता."

कोबा ओतला त्या आठवड्यात शकुबाई निफाडला लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. कुदळ तिथेच टाकून, चिखलाच्या पायांनी ती घरात गेली. सावळीराम भिंतीला टेकून बसला होता.

"उतार इकडं द्या, असं तुम्ही म्हणला?"

"भाऊ हाय. नाय कसं म्हणावं?"

"अन् मला महिनाभर, बोलतो, बोलतो?"

"कोंबड्यांसाठी एवढं काय..."

"कोंबड्यांचं सोडा. मी रोज त्या राड्यात उभी राहायचे, तुम्ही खिडकीतनं बघायचा. लाज नाय वाटली?"

ती दार ओढून परत जाळीत गेली.

दुसऱ्या दिवशी फाटकातलं तळं पाहून पुंजारामला मुकाट्याने सिमेंटचे पाइप आणावे लागले. दोघा भावांनी ते चरात बसवून पाणी गल्लीच्या गटारीत सोडलं. मग सावळीरामने जाळीतला नासलेला थर फावड्याने ओढून काढला, मुरूम आणून पसरला, चोपणीने चोपला. शकुबाई शेजारी उभी राहून सांगत होती, "अजून टाका. त्या कोपऱ्यात अजून." दमला का, हे तिने विचारलं नाही. खालची जमीन घट्ट झाली, कोंबड्यांच्या पायांचे मातीचे गोळे गेले, पण घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

पोळ्याला पुंजारामची बायको, कमळाबाई, पुरणपोळ्यांचं ताट घेऊन आली. शकुबाईने ताट घेतलं आणि नवऱ्यापुढे ठेवलं.

"तू नाय बसत?" त्याने विचारलं.

"भाऊ तुमचा हाय," ती म्हणाली. "तुम्ही खा."