वरच्या मजल्याची लाइन

सायकल दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना लष्कराच्या जुन्या मालाचं वेड होतं, आणि ते आपल्याला लग्नाआधी कुणी सांगितलं नाही, ही त्यांच्या बायकोची कायमची तक्रार होती. दुकानापुढचं छप्पर म्हणजे कुठल्याशा छावणीतल्या तंबूचं कापड. पाने-पकडी ठेवायला गोळ्यांची हिरवी लोखंडी पेटी. थंडीत अंगावर कुणा धिप्पाड शिपायाचा ओव्हरकोट, ज्यात मिस्त्री स्वतःसकट अजून एक मिस्त्री मावले असते.

"घरात आता एक तोफ तेवढी यायची राहिलीय," ती म्हणायची. "ती आणलीत की मी निघाले माहेरी."

हे ती वरच्या मजल्यावरच्या खोलीतून म्हणायची आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जायचं. तिचा आवाजच तसा होता. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तिने सगळी नोकरी गाड्यांच्या घोषणा करण्यात घालवली. गावातल्या निम्म्या लोकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण आवाज पोराटोरांच्या ओळखीचा. बाजारात तिने "जरा ताजी द्या हो" म्हटलं, की मागे उभी असलेली माणसं दचकून आपापल्या पिशव्या उचलायची. गाडी लागली असं वाटायचं त्यांना.

निवृत्तीनंतर पहिलंच वर्ष होतं. एका सकाळी केस विंचरताना तिच्या हातातून कंगवा गळून पडला. तो उचलायला ती वाकली आणि तिलाच उठता येईना. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका झटक्यात गेली.

डॉक्टर म्हणाले, बाई थोडक्यात वाचल्या. ते खरंच होतं. हळूहळू पायात थोडं बळ आलं, धरून धरून मोरीपर्यंत जाता येऊ लागलं. दुसऱ्याचं बोललेलं सगळं तिला कळत होतं. फक्त स्वतःचे शब्द हाती लागत नव्हते. पाणी मागायचं असलं की तोंडातून "खिडकी" यायचं. चूक झाली हे तिला स्वतःला ऐकू यायचं, हे सगळ्यांत वाईट. आपलं तोंड एका बाजूला ओढलं गेलंय, हेही आरशाने सांगितलं होतंच. मग तिने बोलायचंच सोडून दिलं. भेटायला कुणी आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. समोरच्या घरातली शिंपीणबाई, तिची रोजची मैत्रीण, दोन-तीनदा येऊन डोळे पुसत परत गेली. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्या आल्या की ही तोंडावर उशी धरायची.

मिस्त्री दिवसभर खाली आणि ती वर. वायसर बदलता बदलता ते मध्येच उठायचे, ग्रीसचे हात तसेच घेऊन जिना चढायचे, दारातून बघायचे आणि पुन्हा खाली. गुडघे कुरकुर करायचे. दुसऱ्या गावी राहणाऱ्या मुलीने आईला मोबाइल आणून दिला. त्याच्या काचेवर डावं बोट असं काही घसरायचं, की नवरा सोडून सगळ्या जगाला फोन लागायचे.

मग एके दिवशी मिस्त्री एका मालवाहू सायकलच्या टायरशी झटत होते, आणि वर ती पलंगावरून घसरून खाली पडली. ते वर गेले तेव्हा ती फरशीवर बसलेली होती, पाठ पलंगाला टेकलेली, पाय गारठलेले. किती वेळ, ते सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. मिस्त्रींनी तिला उचलून बसवलं, पाय चोळले. तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी ते सुभेदाराच्या दुकानात गेले. सुभेदार सैन्यात कधीच नव्हता. भरतीत छातीच्या मापात नापास झाला होता, आणि तेव्हापासून सैन्याने टाकलेला माल विकून तो ती हौस भागवत होता. बुटांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगामागून त्याने सगळं ऐकून घेतलं, आत गेला आणि कॅनव्हासच्या पिशवीतले दोन टेलिफोन घेऊन आला. काळा जड रिसीव्हर, बाजूला फिरवायचा दांडा.

"याला ना कंपनी लागते ना नंबर," तो म्हणाला. "दोन सेल घाला, तार जोडा. इकडे दांडा फिरवला की तिकडे घंटी. आणि तार अशी, की वरून रणगाडा गेला तरी तुटायची नाही."

"आमच्याकडे रणगाडा नाही. मांजर आहे."

"मांजराची मात्र गॅरंटी देत नाही," सुभेदार म्हणाला.

मिस्त्रींनी खिडकीतून तार सोडली, पाण्याच्या पाइपला बांधत दुकानात आणली. एक फोन पेटीशेजारी ठेवला, दुसरा पलंगाशी स्टुलावर. तिने त्या डबड्याकडे असं पाहिलं, की शब्दांची गरजच पडली नाही. तोफ आणली होती शेवटी.

"बोलायचं नाही काही," मिस्त्री घाईघाईने म्हणाले. "नुसता दांडा फिरवायचा. मी आलोच."

पहिले काही दिवस तिने त्याला हात लावला नाही. मग एका दुपारी दुकानात घंटी खणखणली आणि मिस्त्रींच्या हातातला पाना पायावर पडला. लंगडत वर गेले. तिला फक्त खिडकी लावून हवी होती. त्यानंतर घंटी वाजू लागली. पाण्यासाठी, उन्हासाठी, कधी कशासाठीच नाही. मिस्त्री वर जाऊन विचारायचे, "काय गं?" आणि ती मान हलवायची. काही नाही. बघत होते, येता का ते.

एकदा त्यांचा एक हात चाकात अडकलेला. गिऱ्हाईक पुढ्यात उभं. म्हणून त्यांनी जिना चढण्याआधी मोकळ्या हाताने रिसीव्हर मुठीत घट्ट धरला आणि म्हणाले, "आलो गं, एवढा स्पोक बसवतो."

तिकडून टक् असा आवाज आला. पुन्हा टक्. त्या रिसीव्हरला मुठीच्या आतल्या बाजूला एक खटका होता. बोलताना तो दाबायचा, ऐकताना सोडायचा. ती तो दाबत होती, सोडत होती. बसस्थानकातल्या तिच्या माइकलाही असाच खटका होता. तिला तो ओळखीचा वाटला असेल, किंवा नुसता बोटाखाली आला असेल.

मग स्वच्छ, खणखणीत, गावाच्या ओळखीचा आवाज आला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

आवाज एवढा मोठा होता, की पुढ्यात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेला. "कुठली गाडी?" तो म्हणाला.

मिस्त्रींनी त्याला हाताने गप्प केलं. धावत वर जावंसं वाटलं, पण वर गेलो तर ती पुन्हा तोंड मिटून घेईल, हे त्यांना आतून कळलं. ते होते तिथेच उकिडवे बसून राहिले.

"प्रवासी लक्ष देतोय," ते म्हणाले. "बोला."

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग तुटकं, घोगरं, एकेक अक्षर ओढून आणल्यासारखं, "च... चहा."

मिस्त्रींनी त्या गिऱ्हाइकाला सांगितलं, "उद्या या." वर जाऊन त्यांनी चहा केला, दोन कप घेतले आणि तिच्याकडे पाठ करून पलंगाच्या कडेला बसले. तोंडाकडे पाहायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं. पाठीमागे ती रडत होती की हसत होती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण कप रिकामा झाला.

शिकवणाऱ्या बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं म्हणून पाठ झालेल्या वाक्यांचं असं होतं कधी कधी. ती आधी सापडतात. आणि फोनवर त्यांना कुणी बघत नाही ना! चालू ठेवा."

चालू ठेवलं. ती फोनवर बोलायची आणि समोरासमोर मुकी राहायची. म्हणून जेवण झाल्यावर दोघं वर गप्प बसायची, आणि काही बोलायचं असलं की मिस्त्री जिना उतरून खाली जायचे.

मुलगी आली ती आईला घेऊनच जायचं ठरवून. तिच्या गावी मोठं इस्पितळ होतं. सुटीच्या दिवशी वडील बंद दुकानात उतरलेले पाहून ती मागोमाग गेली. आत शटर अर्धवट ओढलेलं, वडील पेटीवर बसून फोनवर बोलतायत, "नाही, निळी साडी. निळी. आणतो." तिला वाटलं, आता यांचंही डोकं गेलं.

"बाबा, कुणाशी बोलताय?"

मिस्त्रींनी रिसीव्हर तिच्या हातात दिला. तिने तो कानाला लावला. पलीकडे शब्दांची शोधाशोध चालली होती. "पोर... पोरगी... जेव... जेवली?"

मुलगी तिथेच, ट्यूबच्या ढिगावर बसली. जेवले म्हणाली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "आई, येतेस माझ्याकडे? चांगले डॉक्टर आहेत."

"नाही," पलीकडून आलं. हा शब्द तिला अजिबात शोधावा लागला नाही.

ती राहिली तेवढ्या दिवसांत आईने एक नवा हट्ट धरला. फोनवरून सारखी, "सुई. सुई." मिस्त्री सुई घेऊन वर गेले. तिने ती भिरकावली. दोरा नेला, तोही गेला. "अरे, काय करू मी हिचं?" असं ते स्वतःशीच पुटपुटत खिडकीशी उभे राहिले, आणि समोर शिवणयंत्रावर वाकलेली शिंपीणबाई दिसली.

"ही?" त्यांनी वळून विचारलं.

तिने डोळे मिटून मान हलवली. केवढा वेळ लावलात, असा तो चेहरा होता.

मुलगीच सुभेदाराकडे गेली. तिसरा फोन मिळाला, तार गल्लीवरून समोरच्या घरात गेली. सुभेदाराने स्वतः येऊन जोडणी केली आणि जाताना सगळ्यांना सलाम ठोकला. तार एकच असल्याने घंटी तिन्हीकडे वाजायची. म्हणून ठरलं, एक लांब घंटी शिंपीणबाईंची, दोन छोट्या मिस्त्रींच्या. उजव्या हातात आता जरा जीव आला होता, तेव्हा दांडा त्याच हाताने फिरवायचा, असा शिकवणाऱ्या बाईंचा हुकूम होता, त्यामुळे लांब घंटीही अडखळत वाजायची आणि कुणाची ते कळायचं नाही.

एका दुपारी मिस्त्रींनी अशीच घंटी ऐकून रिसीव्हर उचलला. शिंपीणबाई आधीच बोलत होत्या. त्यांच्या बोलण्याला पूर्णविराम नसे. सुनेचं झालं, गिऱ्हाइकांचं झालं. ठेवून द्यावं असं मिस्त्रींना वाटलं, पण हात काही खाली येईना.

"तुला एकटीला कंटाळा येत असेल ना गं दिवसभर?" शिंपीणबाईंनी विचारलं.

टक्.

"एक... एकटी नाही." मध्ये बराच वेळ गेला. शिंपीणबाई चक्क गप्प राहिल्या. "हे... आहेत ना. खाली."

मिस्त्रींची मूठ खटक्यावर आवळली गेली आणि त्यांनी नाक ओढलं. रिसीव्हरच्या त्या गाळणीसारख्या लष्करी तोंडापाशी ते वादळासारखं वाजलं असावं.

"को... कोण आहे?" तिचा आवाज चढला. "अहो! ठे... ठेवा खाली!"

मिस्त्रींनी मुकाट्याने रिसीव्हर ठेवला आणि चेन उचलून तेलात बुडवली.