गिरणीवाल्याची लेक

"किती, अप्पा?" उमादेवी गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत होती.

गुंडाप्पाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "तीन मिनिटं सात सेकंद."

"तुमी बटन उशिरा दाबलं."

"न्हाय गं माय. येळेवर दाबलं."

लोहाऱ्याच्या मैदानावर बापलेकीशिवाय चिटपाखरू नव्हतं. वेळ अमावस्येचा सण, सगळं गाव आपापल्या रानात पूजेला आणि जेवायला गेलेलं. पोलीस भरती दहा दिवसांवर आली होती आणि वयात बसणारी उमाची ही शेवटचीच भरती. मोबाइलमधल्या कुणा सरांचं ऐकून तिने दोन महिन्यांपूर्वी भाकरी, भात, साखर सगळं सोडलं. ज्याच्या गिरणीवर अर्ध्या लोहाऱ्याचं दळण, त्याची लेक पनीर आणि शेंगदाण्यांवर! गुंडाप्पाला आधी हसू आलं. वजन नऊ किलो उतरलं खरं, पण हेच आठशे मीटर ती पूर्वी दोन मिनिटं चोपन्नमध्ये पळायची. आता शेवटच्या फेरीत तिचे पाय ओढल्यासारखे पडतात, हे त्याला घड्याळाशिवायही दिसत होतं.

"आज तरी रानात चल, दोन घास खा. अंगात जीव न्हाय ऱ्हायला तुझ्या."

"बाजरीचा एक उंडा खाल्ला तर दोन महिने पाण्यात. तुमाला न्हाय कळायचं त्यातलं, अप्पा."

खरंच कळत नव्हतं. जन्मभर ज्वारी दळणाऱ्याला भाकरी वैरीण झाल्याचं कोण पटवून देणार? बायको असती, तर तिने चार शिव्या हासडून पोरीला खाऊ घातलं असतं. तो एकटाच रानात गेला. कडब्याच्या कोपीत पूजा केली, बाजरीचे वाफवलेले उंडे, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील यांचा नैवेद्य दाखवला, आल्यागेल्याला आग्रह करून वाढलं. स्वतः मात्र उमाची वाट बघत उपाशी राहिला.

दिवस कलताना सडकेवर ती दिसली, पळत येताना. गुंडाप्पाने लगबगीने ताट वाढलं, उंडा कुस्करून वर भज्जी घातली आणि तो बांधावर आला. उमाने मैलाच्या दगडाला हात लावला, बापाकडे बघून हात हलवला आणि माघारी वळली. वळताना तिचा तोल गेला. सावरली, पुन्हा पळू लागली.

"थांबली न्हाय व्हय पोरगी?" शेजारच्या रानातून म्हाळसाबाईने विचारलं.

"भरती हाय तिची. लई पळती." तो म्हाळसाबाईकडे वळला. "तुमी तरी या की जेवायला."

"आमचं झालं की मगाशीच. तुमी बसा."

तो ताटापाशी बसला. सडक रिकामी होईपर्यंत त्याने घास उचलला नाही.