कबरीचं चार लिटर

सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी संकलन केंद्रात टाकीचं झाकण लावत होते. चाळीस घरांचं सकाळचं दूध आत थंड होत होतं. डेअरीचा टँकर यायला वीस मिनिटं होती.

"अगं, कबरीने आज काय दूध दिलंय! चार लिटर. तुझी घाई होती म्हणून मीच काढलं आणि बाकीच्या गाईंच्या दुधाबरोबर आपल्या कॅनमध्ये ओतलं."

कबरीच्या सडाला सूज आली होती, म्हणून परवाच आमच्या दूध संस्थेच्या डॉक्टरांनी तिला इंजेक्शन दिलं होतं. बोलावल्यावर तासाभरात आले होते बिचारे. औषध दुधात उतरतं, म्हणून अशा गाईच्या पायाला लाल दोरी बांधायची आणि पाच दिवस तिचं दूध केंद्रात आणायचं नाही, हा संस्थेचा नियम.

"पायातली दोरी कुठे गेली?"

"किती घाण झाली होती ती! काल गाय धुतली तेव्हा कापून टाकली. बरी झालीय की आता."

पुढे बोलले असते तर तोंडाला धरबंध राहिला नसता, म्हणून फोन ठेवला. तो कॅन मी स्वतःच्या हाताने टाकीत रिकामा केला होता. आणि नियमाची राखणदार कोण, तर केंद्र चालवणारी मीच. गेल्या आठवड्यात शिंपीणबाईंच्या दुधात पाणी निघालं, तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "पाणीच घालायचं तर वेगळ्या कॅनमधून आणा, मोजायला सोपं जाईल." लोक हसले. मलाही मजा वाटली होती, खोटं कशाला बोलू?

डेअरीत औषध सापडलं तर अकरा गावांचा अख्खा टँकर ओतून देतात आणि ज्याची चूक ते केंद्र महिनाभर बंद. चाळीस घरांनी महिनाभर दूध न्यायचं कुठे?

तपासणीच्या मोजक्याच पट्ट्या कपाटात होत्या. एक काढून टाकीतल्या दुधात बुडवली आणि घड्याळाकडे बघत बसले. दोन रेघा म्हणजे दूध चांगलं, एकच रेघ म्हणजे औषध. दोन आल्या असत्या तर मी गप्प बसले असते. दहा मिनिटांनी एकच आली.

तरी मनात आलंच, अकरा गावांच्या दुधात हे मिसळल्यावर कोणाला पत्ता लागणार आहे? तेवढ्यात हॉर्न वाजला. ड्रायव्हर पाइप ओढत आत आला.

"पाइप लावू नका," मी म्हणाले.

दारात संस्थेचे अध्यक्षकाका चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. "काय झालं?"

"टाकीत औषधाचं दूध गेलंय."

"कोणाच्या गाईचं?"

"माझ्या."

काकांनी आत येऊन टाकीजवळची पट्टी उचलून पाहिली. मग ड्रायव्हरला म्हणाले, "तू जा पुढच्या गावाला." आमचं दूध न घेताच टँकर वळला.

बातमी दहा मिनिटांत घरोघर पोचली. मागच्या खड्ड्यात पाचशे लिटर दूध सोडलं, ते बघायला सगळे जमले. कोणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिंपीणबाई तेवढ्या म्हणाल्या, "पाणी तरी नव्हतं ना हो त्यात?" या वेळी कोणीच हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्र उघडायला माझं मन धजेना. रस्त्यापलीकडे खाजगी दूधवाल्याची गाडी येऊन उभी होती. "तपासणी नाही, कटकट नाही, आणा इकडे!" तो ओरडत होता. आता संस्था मोडली तर ती माझ्यामुळे, एवढंच डोक्यात घुमत होतं.

लोक आले. एकेक करून रांग लागली. पहिला होता सायकल दुरुस्तीवाला, चार शब्दांच्या वर कधी न बोलणारा. त्याने कॅन ठेवला, पण झाकण उघडलं नाही.

"ताई, आधी तुमचं तपासा."

राग आला, रडूही आलं. पण त्याचं चुकलं कुठे होतं? माझ्या कॅनमधलं दूध घेतलं, पट्टी बुडवली. दहा मिनिटं चाळीस माणसं उभी राहिली. पलीकडचा ओरडून ओरडून थकला, पण रस्ता एकानेही ओलांडला नाही.

दोन रेघा आल्या. सायकलवाल्याने पट्टी हातात घेतली, उजेडात धरून नीट पाहिली आणि मागच्याकडे दिली. ती रांगेतून पार शेवटपर्यंत गेली.

मग त्याने झाकण उघडलं.